हेन्री जीडीत नापास झाला असता!

अकरावीच्या फिजिक्समधला गुरुत्वाकर्षणाचा धडा आठवतोय? एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना टांगलेले दोन छोटे गोळे, त्यांच्या शेजारी दोन मोठे गोळे आणि खाली लिहिलेलं, कॅव्हेंडिशचा प्रयोग. ती आकृती तुम्ही जर्नलमध्ये काढली असेल, परीक्षेला पाठ केली असेल आणि मग विसरूनही गेला असाल. आकृतीमागचा माणूस मात्र कुणी फारसा सांगत नाही. आज त्याला भेटा.

का भेटायचं? कारण हा माणूस आज तुमच्या कॉलेजच्या प्लेसमेंटला आला असता, तर ग्रुप डिस्कशनच्या पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाला असता. डोळ्यांत बघून बोलणं नाही, स्वतःबद्दल दोन वाक्यं सांगणं नाही, अनोळखी माणूस जवळ आला की सरळ पळ काढणं! तरीही हा माणूस जवळपास पन्नास वर्षं काम करत राहिला आणि जगातल्या सगळ्यात आदरणीय शास्त्रज्ञांमध्ये गणला गेला. हे त्याला कसं जमलं, त्याची ही गोष्ट.

बड्या घरचा गप्प मुलगा

हेन्री कॅव्हेंडिशचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ चा, फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या नीस शहरातला. घराणं इंग्लंडमधल्या अगदी वरच्या थरातलं. आजोबा ड्यूक ऑफ डेव्हनशायर. आई मात्र हेन्री दोन वर्षांचा व्हायच्या आत गेली. वडील लॉर्ड चार्ल्स यांना स्वतःला विज्ञानाचा नाद होता. थर्मामीटरवरच्या कामासाठी त्यांना रॉयल सोसायटीचं कॉप्ली मेडल मिळालं होतं. हे मेडल म्हणजे त्या काळातलं नोबेलच समजा.

हेन्री केंब्रिजला गेला, तिथे साधारण चार वर्षं राहिला आणि १७५३ मध्ये डिग्री न घेताच बाहेर पडला. त्या काळी बड्या घरच्या मुलांमध्ये हे काही फार नवलाचं नव्हतं. पुढे काय करायचं, हा प्रश्न वडिलांनी सोडवला. त्यांनी मुलाला आपल्या प्रयोगांमध्ये सोबत घेतलं आणि रॉयल सोसायटीच्या सभांना, तिथल्या मंडळींच्या जेवणांना बरोबर न्यायला सुरुवात केली. १७६० मध्ये हेन्री स्वतः सोसायटीचा सदस्य झाला. आजच्या भाषेत सांगायचं तर वडिलांनी त्याला हाताला धरून पहिल्या ऑफिसात नेलं आणि जमेपर्यंत शेजारी बसून राहिले.

ते करणं गरजेचंही होतं. हेन्रीचा आवाज बारीक होता, बोलताना तो अडखळायचा. कपडे जुन्या फॅशनचे, विटलेल्या जांभळ्या रंगाचे. कुणी अचानक समोर आलं की त्याची त्रेधा उडायची. एकदा सर जोसेफ बँक्स यांच्या घरी एका ऑस्ट्रियन पाहुण्याने त्याच्या तोंडावर त्याची भरभरून स्तुती केली. हेन्री खाली मान घालून उभा राहिला, गर्दीत फट दिसताच तिथून निसटला आणि थेट आपल्या बग्गीत जाऊन बसला.

घरातल्या मोलकरणींशी तो समोरासमोर बोलत नसे. जेवायला काय हवं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा. एकदा जिन्यात मोलकरीण समोर आली, तर त्याने घराला दुसरा जिनाच बांधून घेतला म्हणतात. जेवण बहुतेक वेळा एकच, मेंढीची तंगडी. पाहुणे जास्त आहेत, एक तंगडी पुरायची नाही, असा निरोप आला, तर त्याने शांतपणे दोन आणायला सांगितल्या, अशीही एक गोष्ट आहे.

वाचून हसू येतं ना? बहुतेक लोक इथेच थांबतात. चक्रम शास्त्रज्ञ म्हणायचं, दोन किस्से सांगायचे, विषय संपला. आपण थोडं पुढे जाऊ.

गुरुवारचं जेवण

या माणसाला माणसं नकोच होती, असा तुमचा समज झाला असेल तर हे बघा. रॉयल सोसायटीच्या मंडळींचा एक जेवणाचा क्लब होता. ते दर गुरुवारी लंडनच्या एका खानावळीत जमायचे. हेन्री तिथे वर्षानुवर्षं, अगदी म्हातारपणापर्यंत नेमाने जायचा. बँक्स यांच्या घरच्या बैठकींनाही जायचा. कधी कधी दाराबाहेर घुटमळत उभा राहायचा, आत शिरायचं धैर्य गोळा करायचा. पण जायचा.

आणि खरी कमाल इथे त्याच्या सहकाऱ्यांची आहे. त्यांनी हळूहळू एक रीत शोधून काढली. हेन्रीशी बोलायचं असेल तर थेट त्याच्याकडे बघायचं नाही. त्याच्या जवळपास उभं राहायचं आणि हवेत बोलल्यासारखं आपला प्रश्न सोडून द्यायचा. विषय विज्ञानाचा असेल आणि बोलण्यात दम असेल, तर बाजूने पुटपुटल्यासारखं उत्तर यायचं. ते उत्तर बहुतेक वेळा सोन्यासारखं असायचं. ही युक्ती नव्या सदस्यांनाही सांगितली जायची.

तुमच्या लक्षात येतंय का काय झालं ते? त्याला बदलायचा हट्ट कुणी धरला नाही. नीट बघून बोल, हसून बोल, जरा मोकळा हो, असं शिकवत बसले नाहीत. त्यांनी स्वतःची बोलायची पद्धत थोडी बदलली. खर्च शून्य.

मोबदल्यात त्यांना काय मिळालं? १७६५ पासून हेन्री सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर काम करायला लागला. १७७२ मध्ये पर्फ्लीटच्या दारूगोळ्याच्या कोठारांना विजेपासून कसं वाचवायचं हे ठरवायला समिती नेमली, त्यात बेंजामिन फ्रँकलिनच्या जोडीला हेन्री होता. सोसायटीची हवामानाची उपकरणं तपासायची होती, ते काम त्याच्याकडे आलं. ब्रिटिश म्युझियमचा तो विश्वस्त झाला, पुढे रॉयल इन्स्टिट्यूशनच्या व्यवस्थापनातही होता. टीममध्ये काम करता येत नाही, असा शिक्का या माणसावर कसा मारणार?

बंद खोली, बाहेरून दुर्बीण

आता त्याचं काम बघू. १७६६ मध्ये त्याने आम्लात धातू टाकून निघणाऱ्या एका जळणाऱ्या वायूचा नीट अभ्यास मांडला. तो वायू म्हणजे हायड्रोजन. कॉप्ली मेडल त्यालाही मिळालं. १७८४ मध्ये त्याने दाखवून दिलं की हा वायू हवेत जाळला की पाणी तयार होतं. पाणी हे मूलद्रव्य आहे, ही हजारो वर्षांची समजूत त्यामुळे डळमळली.

१७८५ मध्ये तो हवेतला नायट्रोजन विजेच्या ठिणग्यांनी संपवत होता. सगळा संपला, पण एक इवलासा बुडबुडा काही केल्या जाईना. तो मूळ वायूच्या एकशेविसाव्या भागाहून जास्त नाही, एवढं त्याने लिहून ठेवलं. दुसरा कुणी असता तर प्रयोगातली चूक म्हणून सोडून दिलं असतं. त्या बुडबुड्याचं कोडं १८९४ मध्ये रॅले आणि रॅम्से यांनी उलगडलं. तो आर्गॉन होता.

आणि तुमच्या पुस्तकातला तो प्रयोग. मूळ कल्पना आणि उपकरण जॉन मिशेल या पाद्र्याचं. प्रयोग करण्याआधीच तो वारला आणि उपकरण फिरत फिरत हेन्रीकडे आलं. त्याने ते जवळपास नव्याने बांधलं. सुमारे सहा फूट लांब लाकडी दांडी, तारेवर टांगलेली. टोकांना दोन इंची शिशाचे गोळे. त्यांच्या शेजारी बारा इंची मोठे गोळे, प्रत्येकी साधारण १५८ किलोचे. मोठा गोळा छोट्याला किती ओढतो, हे दांडी किती सरकली त्यावरून काढायचं. ही ओढ इतकी नाजूक की खोलीतल्या हवेच्या झुळकीनेही आकडा बिघडावा. म्हणून उपकरण बंद खोलीत ठेवलं आणि हेन्री बाहेर उभा राहून भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने मोजमाप घेत राहिला. कित्येक महिने. तेव्हा त्याचं वय होतं ६६.

उत्तर आलं, पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा आहे साधारण ५.५१. जाता जाता एक गैरसमज इथेच दूर करू. गुरुत्व स्थिरांक म्हणजे आपला जी हेन्रीने काढलाच नव्हता. त्याला पृथ्वीची घनता हवी होती, जी पुढच्या लोकांनी त्याच्या प्रयोगावरून काढला.

माणसांच्या गर्दीत गडबडणारा हा माणूस इथे बघा. हाच तोचतोचपणा, हीच एकट्याने राहायची ताकद, हेच बारीकसारीक गोष्टींवर अडून बसणं. जे खोलीबाहेर विचित्र वाटत होतं, ते इथे कामाचं ठरलं.

आणि आपल्याकडचा एक धागाही आहे. १७९२ मध्ये हेन्रीने हिंदूंच्या कालगणनेवर एक लेख प्रसिद्ध केला. गीतेचं इंग्रजी भाषांतर करणाऱ्या चार्ल्स विल्किन्सकडची तीन पंचांगं समोर ठेवून त्याने आपलं वर्ष कसं मोजलं जातं, त्याचे भाग कसे पडतात याचा हिशोब मांडला. घरातल्या पंचांगाकडे आपण तरी कधी इतकं लक्ष दिलंय?

भावना नव्हत्या म्हणे!

हेन्री २४ फेब्रुवारी १८१० रोजी गेला. त्यानंतर ४१ वर्षांनी जॉर्ज विल्सन याने त्याचं चरित्र लिहिलं. विल्सनचा जन्मच मुळी हेन्री गेल्यानंतरचा. त्याने म्हाताऱ्या मंडळींकडून किस्से गोळा केले, कामाचं मोठेपण मान्य केलं, पण माणूस मात्र असा रंगवला की जणू प्रेम नाही, राग नाही, आशा नाही, आत फक्त एक विचार करणारं यंत्र. पुढे बरीच वर्षं हीच प्रतिमा चालत राहिली.

पण नोंदी काय सांगतात? हेन्रीने आपला मोठा ग्रंथसंग्रह अभ्यासकांना खुला ठेवला होता. पुस्तक कुणालाही मिळायचं, फक्त वहीत नोंद करायची. स्वतःच्याच घरचं पुस्तक नेताना हेन्रीही नोंद करायचा! चार्ल्स ब्लॅगडेन नावाचा सहकारी काही वर्षं त्याच्यासोबत होता. दोघं मिळून देशभर हिंडले, लोखंडाचे कारखाने, खाणी बघितल्या, बर्मिंगहॅमला जेम्स वॉटला भेटले. पुढे ही सोबत संपली. तरी मृत्युपत्रात हेन्रीने त्याच्यासाठी १५ हजार पौंड ठेवले होते. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. विजेचा झटका देणाऱ्या माशाची लाकूड आणि चामड्याची प्रतिकृती बनवली, तेव्हा काही शास्त्रज्ञांना घरी बोलावून त्याने तिचे झटकेही खायला लावले. कोरडा माणूस असं करतो?

चेहऱ्यावर दिसत नाही म्हणजे आत काही नाही, हा निष्कर्ष आपण फार पटकन काढतो. विल्सनने काढला, आपणही रोज काढतो.

मग हे अ‍ॅस्पर्जर होतं का?

२००१ मध्ये न्यूरॉलॉजिस्ट आणि लेखक ऑलिव्हर सॅक्स यांनी एका वैद्यकीय नियतकालिकात हेन्रीवर लिहिलं आणि ही अ‍ॅस्पर्जर सिंड्रोमची लक्षणं असावीत असं मत मांडलं. मेलेल्या माणसाचं निदान करता येत नाही, हे आधी लक्षात ठेवा. काही अभ्यासक त्याला नुसता अतोनात लाजाळू मानतात. पण त्याच्या निमित्ताने हा शब्द समजून घेऊ, कारण मीम्समध्ये तो वाटेल तसा वापरला जातो.

१९४४ मध्ये व्हिएन्नाचे डॉक्टर हान्स अ‍ॅस्पर्जर यांनी अशा काही मुलांचं वर्णन केलं. १९८१ मध्ये ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ लोर्ना विंग यांच्यामुळे हे नाव रूढ झालं. २०१३ मध्ये अमेरिकेच्या मनोविकारांच्या अधिकृत यादीतून ते वेगळं निदान म्हणून काढलं गेलं आणि स्वमग्नतेच्या, म्हणजे ऑटिझमच्या मोठ्या पट्ट्यात सामावलं. शिवाय अ‍ॅस्पर्जर यांनी नाझी राजवटीला केलेल्या सहकार्याचे पुरावे २०१८ मध्ये तपशिलाने पुढे आले, त्यामुळे अनेकांना हे नावच नकोसं झालं. काही जण मात्र स्वतःची ओळख म्हणून ते अजून वापरतात.

या लोकांची बुद्धी आणि भाषा सर्वसाधारण किंवा त्याहून चांगली असते. अवघड जातं ते न बोललेलं ओळखणं. टोमणा, सूचक बोलणं, चेहऱ्यावरचा भाव. आवाज, प्रकाश, गर्दी यांचा त्रास अनेकांना जास्त होतो. ठरलेला क्रम मोडला की बेचैनी येते. हा आजार नाही, त्यामुळे तो बरा होऊन जात नाही. स्वमग्न मूल मोठं होतं तेव्हा स्वमग्न प्रौढ होतं. मग त्यालाही नोकरी लागते, बॉस मिळतो, ऑफिसातल्या पार्ट्या असतात. कित्येकांना तर हे तिशी-चाळिशीत कळतं. तोवर ते दिवसभर नॉर्मल दिसायची अ‍ॅक्टिंग करत असतात आणि घरी येऊन गळून जातात.

आणि दुसऱ्या टोकाचा गैरसमज. स्वमग्न म्हणजे जीनियस! सिनेमांनी हे डोक्यात भरवलंय. हेन्री जीनियस होता, सगळे नसतात. कुणी बरा अकाउंटंट असतो, कुणी साधारण प्रोग्रॅमर, कुणाला चित्रं आवडतात पण तो महान चित्रकार नसतो. नोकरी मिळण्यासाठी आपण सगळे जीनियस असावं लागत नाही. मग त्यांनीच का असावं?

पैसा नसता तर?

हेन्रीची गोष्ट गोड करून सांगायची नाहीये. त्याला जमलं त्यामागे पैसा होता. क्लॅपहॅमच्या घराचा दिवाणखाना त्याने लॅब करून टाकला, वर वेधशाळा बांधली. मुलाखत त्याला कुठे द्यावीच लागली नाही. तो गेला तेव्हा त्याची मालमत्ता सुमारे दहा लाख पौंडांची होती. जिना बांधायला पैसे होते म्हणून जिना झाला. मालकाच्या नजरेला पडायचं नाही अशा धाकात वावरणाऱ्या त्या मोलकरणींना कसं वाटत असेल, हेही कुणी लिहून ठेवलेलं नाही. त्याच लंडनमध्ये हेन्रीसारख्याच स्वभावाचा एखादा विणकराचा किंवा हमालाचा मुलगा असेल, तर त्याचं काय झालं? त्याचा धडा आपल्या पुस्तकात नाही.

पैशाने सगळं झालं असंही नाही. विजेवरचं त्याचं बहुतेक काम कागदांतच पडून राहिलं. विद्युतप्रवाह मोजायला यंत्र नव्हतं, तर तो स्वतःच्या अंगावर झटका घेऊन अंदाज करायचा. आज आपण ज्याला कूलॉमचा आणि ओहमचा नियम म्हणतो, तिथपर्यंत तो त्यांच्या आधी पोहोचला होता. हे जगाला कळलं १८७९ मध्ये, जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी त्याचे कागद संपादित करून छापले तेव्हा. जवळपास शंभर वर्षं उशिरा! गुरुवारच्या जेवणात प्रश्न विचारायची रीत सापडली होती. हे छापून टाकू, मी मदत करतो, असं त्याला जमेल त्या भाषेत सांगणारा कुणी भेटला असता तर?

आता तुमची पाळी

आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेचा २१ प्रकारांमध्ये समावेश आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा राखीव आहेत. त्यातला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी मिळून आहे. त्या माणसाला काम करता यावं म्हणून योग्य ते बदल करून द्यायचे, हेही कायदा सांगतो.

पण कायदा कॅन्टीनच्या टेबलावर येऊन बसत नाही. तिथे तुम्ही असता. तुमच्या वर्गात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल. ग्रुप प्रोजेक्टला शेवटी उरणारी. ग्रुपवर मेसेजचा पाऊस पडला की गप्प होणारी. विचारलं नसताना चूक दाखवणारी. तिला घमेंडखोर म्हणून मोकळं होणं सोपं आहे.

त्याऐवजी हे करून बघा. काय काम, कुणी, कधीपर्यंत, हे स्पष्ट लिहून द्या. समजून घे ना यार, असं म्हणू नका, काय समजायचं ते सांगा. सगळ्यांसमोर अचानक बोलायला लावू नका, प्रश्न आदल्या दिवशी पाठवा. प्रेझेंटेशन दुसऱ्याने द्यावं, डेटा तिने तपासावा. ट्रीटला आली नाही तर रुसू नका, पण पुढच्या वेळी बोलवायला विसरू नका. हेन्रीला दर गुरुवारचं बोलावणं होतं, म्हणून तर तो दारापर्यंत यायचा.

आणि हे वाचताना तुम्हाला स्वतःचीच ओळख पटल्यासारखं वाटत असेल, तर इंटरनेटवरच्या टेस्टवर शिक्का मारून घेऊ नका. तज्ज्ञ डॉक्टरांशी किंवा कॉलेजच्या समुपदेशकांशी बोला. बोलणं जड जात असेल तर लिहून द्या. चिठ्ठी लिहिण्यात कमीपणा काहीच नाही. आज तिला आपण ईमेल म्हणतो आणि अख्खी ऑफिसं तिच्यावर चालतात.

चार-पाच वर्षांत तुमच्यातले काही जण मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूला बसतील. समोरचा उमेदवार तुमच्याऐवजी टेबलाकडे बघून बोलेल. तेव्हा त्याच्या डोळ्यांचे मार्क कापण्याआधी तो बोलतोय काय, ते नीट ऐका.